मे महिन्यातलं झाड

आखेन, जर्मनी
१२ नोव्हेंबर २०२३

प्रिय पृथ्वी,

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस. फोन लावला तर बाई सांगते, आपण डायल केलेला नंबर व्यस्त आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. हिंजवडीत तुमच्या आबांचं हॉस्टेल शेंबड्या पोराला माहीत आहे, तेव्हा पोचेल.

आज लक्ष्मीपूजन. इथे आज रविवार, एवढंच. सकाळी आईनं दिलेलं उटणं लावून आंघोळ केली. चौघींत एक बाथरूम, त्यामुळे बाहेरून लेना दार वाजवत होती. लेना म्हणजे शेजारच्या खोलीतली मुलगी, इथलीच, जर्मन. मी बाहेर आले तर नाक वर करून म्हणाली, तुझ्या अंगाला आमच्या चर्चमधल्या धुपाचा वास येतोय!

काल मात्र मी फसले. लायब्ररीतून परत येताना गल्लीच्या तोंडाशी कागदी कंदील दिसले. एक-दोन नव्हे, शेकडो. लहान मुलं काठीला कंदील टांगून गाणी म्हणत निघालेली, पुढे घोड्यावर लाल शाल पांघरलेला माणूस. मला वाटलं, दिवाळी आली. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग लेनानं सांगितलं, हा सेंट मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं आपली शाल तलवारीनं अर्धी कापून दिली होती. मी मुलांच्या मागे मागे चौकापर्यंत गेले. तिथे शेकोटी होती आणि सगळ्यांना पावाचा माणूस, म्हणजे माणसाच्या आकाराचा पाव, वाटत होते. बेदाण्याचे डोळे आणि पोटावर मातीची चिलीम. लहान पोरांना चिलीम! मलाही एक मिळाला. तो हातात धरून मी उभी राहिले. मुलं आईबापांचा हात धरून आपापल्या घरी गेली. मग मीही आले.

आता कामाचं. मी निघायच्या दिवशी खडकी स्टेशनवर तू म्हणालास, "जायचं तर जा, पण मग माझं नाव घेऊ नको." आणि मी पुलाचा जिना उतरायच्या आत ब्लॉक. कॉलेजही तू असंच सोडलंस. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत सर म्हणाले, "बापाची जमीन आहे ना, शिकतोस कशाला?" तू फाइल टेबलावर आपटून निघालास तो गेलासच. सर चुकले होते, शंभर टक्के चुकले होते. पण सर अजून शिकवतात आणि तू हॉस्टेलच्या गल्ल्यावर बसतोस.

म्हणून माझी अट ऐक. तू ब्लॉक काढलास तरी आपण फोनवर बोलायचं नाही. पत्र लिहायचं. लिहून, पाकिटात घालून, पोस्टात नेईपर्यंत माणूस जरा थंड होतो. पुढच्या गणपतीला मी घरी येणार आहे. तोवर तुला सावकाश रागवायला जमलं, तर मी बाबांना तुझं नाव सांगेन. नाही जमलं तर नाही सांगणार. आपलं घरी अजून कुणाला माहीत नाही, हे विसरू नकोस.

भाग्यश्री


हिंजवडी
२ डिसेंबर २०२३

भाग्यश्री,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

पत्र आधी आबांच्या हातात पडलं. परदेशी तिकीट बघून म्हणाले, "कुणाची रं नोटीस हाय?" जमीन आयटी पार्कात गेल्यापासून आमच्या घरात पाकीट म्हणजे नोटीस. मी म्हटलं, माझी आहे. खोटं नाही बोललो.

तू दिवाळीत एकटी होतीस म्हणे. मी हॉस्टेलच्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या घेऊन बसलो होतो. लातूर, नागपूर, इंदूर, पाटणा, झाडून सगळे आपापल्या गावाला. आयटी पार्कच्या फेज वनला कंपनीची एक बस नाही. एरवी ज्या रस्त्यात टू-व्हीलर शिरत नाही, त्याच्या मधोमध कुत्री पाय पसरून झोपली होती. आईनं फराळाचे डबे भरून दिले, "पोरान्ला दे, घरापासून लांब हायती." पोरं कुठायत? एक डबा वॉचमनला दिला. चकल्या कुत्र्यांना घातल्या. एक कुत्रं चकली तोंडात धरून माझ्याकडे बघत बसलं, हे कसं खायचं म्हणून.

तुझ्या त्या घोडेवाल्यानं निदान अर्धी शाल ठेवली. तू सगळीच घेऊन गेलीस.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

सरांबद्दल तू 'चुकले होते' म्हणालीस, ते बरं केलंस. पुढचं वाक्य लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. अट मान्य आहे. ब्लॉक काढलेला नाही आणि काढणार नाही. काढला तर दिवसभर तुझा डीपी बघत बसेन आणि मला कामं आहेत. (नाहीत.)

हे पत्र चौथं आहे. आधीची तीन फाडली. त्यांत काय होतं ते विचारू नको.

पृथ्वी


आखेन
२७ डिसेंबर २०२३

प्रिय पृथ्वी,

फाडलेल्या तीन पत्रांबद्दल शाबास. पोस्टात टाकलेल्यापेक्षा तीच मला जास्त आवडली.

आपण नाताळ सिनेमात बघतो. इथे महिनाभर तो तसाच होता. चौकात लाकडी दुकानं, दिवे, दालचिनीचा वास. सहा तारखेला लेना म्हणाली, बूट घासून दाराबाहेर ठेव. मी म्हटलं, चोरीला जातील. सकाळी बुटात अक्रोड, संत्रं आणि चॉकलेट. मी चोवीस वर्षांची घोडी, बुटातलं संत्रं काढून रडले. लेनाला सांगितलं, सर्दी झालीये.

मग चोवीस तारीख आली. आपल्याकडे सण म्हणजे रस्त्यावर माणसं. इथे सण आला की रस्त्यावर कुणीच नाही. लेनासकट सगळ्या आपापल्या घरी. दुकानं पंचवीस-सव्वीसला बंद असतात हे माहीत होतं, पण यंदा चोवीसला रविवार, म्हणजे तेव्हापासूनच बंद. हे मला कुणी सांगितलं नाही. इथे ते सांगण्यासारखं नसतंच. मग तीन दिवस भात आणि आईचं लोणचं. लेनानं जाताना इथल्या खास बिस्किटांची पिशवी दिली होती, ती इतकी कडक की आपले बुंदीचे शिळे लाडू मऊ म्हणायचे. बाबांना फोनवर सांगितलं, केक खाल्ला. बाबा म्हणाले, "मस्त हाय नं सगळं?" मी म्हटलं, मस्त.

आमच्या कॉरिडॉरचा दिवा माणूस हलला की लागतो, थांबला की विझतो. मी खोलीचं दार उघडं ठेवून वाचत बसायचे आणि मधूनमधून बाहेर उगाच एक फेरी मारून यायचे. दिवा लागलेला असला की बरं वाटायचं.

एक सांगते, चिडू नकोस. इथे डिग्री नसली तरी एखादं काम शिकता शिकता पगार मिळतो. हॉटेलातलं, गाड्यांचं, विजेचं. फक्त जर्मन यावं लागतं. तू शीक. माझ्यासाठी नको. तुला ऐकू आलं ना, माझ्यासाठी नको म्हणाले.

भाग्यश्री


हिंजवडी
१८ जानेवारी २०२४

प्रिय भाग्या,

तू लोणचं-भात खात होतीस तेव्हा मी इथे मेसच्या आचाऱ्यावर ओरडत होतो, की एवढ्या पोळ्या उरल्या कशा. आता ते आठवलं की घास उतरत नाही. आईनं विचारलं, जेवत का नाहीस? काय सांगू?

जर्मन शिकणार नाही. बापाची जमीन आहे ना!

सोबत संक्रांतीचा हलवा आहे. फुटून भुगा झाला असेल तर पोस्टाला बोल. गोड बोलण्याचं तेवढं मला जमायचं नाही.

पृथ्वी


आखेन
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय पृथ्वी,

भुगाच झाला. चहात घालून प्यायले.

इथे कार्निव्हल चालू आहे. शिस्तीची माणसं आठवडाभर येड्यासारखी वागतात. बँकेतली बाई मधमाशी होऊन बसली होती आणि त्याच चेहऱ्यानं म्हणाली, दुसरा फोटो आणा, हा चालणार नाही. गुरुवारी बायकांचं राज्य असतं. बायका कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाची टाय कापतात. कुणी चिडायचं नाही. आमचे लॅबचे सर मुद्दाम जुनाट टाय घालून आले होते. लेनानं कात्री माझ्या हातात दिली. सरांची टाय! आपल्याकडे सरांच्या खडूला हात लावायची टाप नव्हती. कापली एकदाची. कापल्यावर गालावर पापी द्यायची पद्धत आहे. मी नमस्कार केला. सरांनीही केला, तुकडा लोंबकळत असताना. सगळी लॅब हसली आणि पहिल्यांदाच मी त्यांच्यातली झाले, असं वाटलं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर पुन्हा नव्हते.

भाग्यश्री


हिंजवडी
२ मार्च २०२४

भाग्यश्री,

हे नमस्काराचं खरं ना? की मला वाचायला बरं वाटावं म्हणून?

वरचं वाक्य लिहून मी पेन ठेवलं, गच्चीवर जाऊन टाकी भरली, खाली आलो. नमस्कारच केला असशील. मला माहितीये. पण तुला तिथे हसताना मी बघत नाही आणि दुसरं कुणीतरी बघतं, याचा राग कुणावर काढायचा, ते तुझ्या अटीत लिहिलेलं नाही.

मंगळवारी-गुरुवारी मी विश्रांतवाडीला जातो. कशाला, ते सांगणार नाही. तू येशील तेव्हा कळेल. जाता-येता तुमच्या खडकीच्या क्वार्टरवरून जातो. परवा तुझी आई गॅलरीत मिरच्या वाळत घालत होती. मी गाडी थांबवली नाही. हळू केली फक्त.

पृथ्वी


आखेन
१० एप्रिल २०२४

प्रिय पृथ्वी,

नमस्कारच केला. आणि पेन ठेवून टाकी भरलीस, हे वाचून मी चालता चालता हसले.

काल पाडवा. खोलीच्या खिडकीत गुढी उभारली. फरशी पुसायची काठी, आईचा हिरवा खण, वर स्टीलचा पेला उपडा. कडुनिंब नव्हता, म्हणून कोशिंबिरीत घालतात ती एक कडवट पालेभाजी गुळाऐवजी साखरेबरोबर खाल्ली. खालून जाणारे एक आजोबा थांबले, गुढीकडे बघितलं आणि टोपी काढली. काय समजले कोण जाणे. मीही वरून मान लववली. दिवसभरात माझ्या सणाला आलेला तो एकच पाहुणा.

लेनानं गुढी बघून मला इथली एक गोष्ट सांगितली. ती मी तुला आत्ता सांगणार नाही. तुझं विश्रांतवाडीचं गुपित, तसं हे माझं. मे महिन्यात कळेल. मी खूप दिवसांनी खुशीत आहे, एवढंच सांगते.

गणपतीचं तिकीट काढलंय. बाबांशी काय बोलायचं, ते मी आरशासमोर उभी राहून म्हणून बघते. पहिलं वाक्य जमलंय. "बाबा, तो चिडका आहे, पण." पणच्या पुढचं चालू आहे.

भाग्यश्री


हिंजवडी
३ मे २०२४

भाग्यश्री,

मे महिन्यात कळेल म्हणालीस ना? कळलं.

मी विश्रांतवाडीला जर्मन शिकत होतो. हो, शिकत होतो. इथल्या पोरांनी हसू नये म्हणून एवढ्या लांब. फेब्रुवारीपासून. तुला विमानतळावर जर्मनमध्ये विचारणार होतो की प्रवास कसा झाला. वाक्य पाठ आहे. आता कुणाला विचारू?

परवा सोनूनं तुझा फोटो दाखवला. तोच तो, कॉलेजातला सोनू, त्यानं तुला ब्लॉक केलेलं नाही. तुझ्या हॉस्टेलच्या फाटकाला उंच झाड बांधलंय, फांद्यांना रंगीत कागदाच्या पट्ट्या, वर पत्त्यांत असतो तसा लाकडी बदाम. खाली तू, ती लेना आणि एक लंबूटांग पोरगा हातात दोरी घेऊन. तू हसतेस. असं हसलेली मी तुला बघितली नाहीये. मी म्हटलं, असेल काही सजावट.

काल वर्गात मॅडम सांगायला लागल्या. मे सुरू होतो त्या रात्री तिकडची मुलं आपल्या आवडत्या मुलीच्या दारात भूर्जाचं झाड आणून बांधतात. बदामावर तिचं नाव. महिनाभर झाड तिथं राहतं, सगळ्या गावाला कळतं. मी उठलो. मॅडम म्हणाल्या, "आपण कुठं निघालात? तास संपायचाय." मी ऐकायला थांबलो नाही.

वाटेत खडकी लागते. मी गाडी तुमच्या क्वार्टरखाली लावली आणि जिन्यातच तुझ्या बाबांना गाठलं. सांगितलं, मी पृथ्वीराज, तीन वर्षं तुमच्या मुलीबरोबर आहे, आणि तिकडं तिच्या दारात परक्या पोरानं झाड बांधलंय, ती त्याच्यासोबत फोटो काढते. मोठ्यानं सांगितलं. लोक दारात आले तरी सांगितलं. तुझे बाबा हातात दुधाची पिशवी घेऊन उभे होते.

हे पत्र मी फाडणार नाहीये. एकदाच लिहिलंय.

पृथ्वीराज


आखेन
२० मे २०२४

पृथ्वीराज,

तुझं पत्र शनिवारी आलं. आज इथे पुन्हा सुट्टी आहे, पुन्हा कुणी नाही, म्हणून सलग लिहिते.

दर चार वर्षांनी, लीप वर्षात, झाड मुली लावतात. मुलांच्या दारात. २०२४ हे लीप वर्ष आहे. तुझ्या मॅडमनी तेही सांगितलं असेल, तू उठून गेल्यावर.

झाड मी लावलं. जंगलखात्याच्या माणसाकडून विकत घेतलं. लंबूटांग म्हणजे लेनाचा भाऊ. त्याच्याकडे गाडीला जोडायची ट्रॉली आहे. तुझं दार इथे नाही, म्हणून माझ्याच फाटकाला बांधलं. बदामावर तुझं नाव आहे, देवनागरीत. ते मी स्वतः रंगवलं, 'पृ' तीनदा पुसून. फोटोत नाव दिसू दिलं नाही, कारण माझे मामा, मावश्या सगळे इन्स्टावर आहेत आणि बाबांना तुझं नाव मी माझ्या तोंडानं सांगणार होते.

आता मला सगळ्याचा अर्थ लागतोय. दोन तारखेपासून बाबा माझा फोन उचलत नाहीत. मला वाटलं, फॅक्टरीत ओव्हरटाइम असेल. आई उचलते, "तब्येत सांभाळ" म्हणते आणि ठेवते. एकदा तिनं विचारलं, "कोणाचं झाड हाय ते?" मला वाटलं, तिला फोटो आवडला. मी हसून म्हटलं, "आहे एकाचं. गणपतीला आल्यावर सांगते." पृथ्वी, मी हसून म्हटलं.

नऊ तारखेला इथे बापांचा दिवस होता. त्या दिवशी बाप लोक हातगाडीत बिअरचे खोके घालून, गाणी म्हणत रानात फिरायला जातात. एक म्हातारा बाप गाडीतच बसला होता आणि त्याची पोरं त्याला ओढत होती. मला इतकं हसू आलं, की हे बाबांना सांगायलाच हवं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन लावत होते. वाजून वाजून बंद व्हायचा. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि सगळे बाप माझ्या समोरून चालले होते.

शनिवारी लेनाच्या फोनवरून तुला फोन करणार होते, नंबरही काढला. पण मी ओरडले असते, आणि अट माझीच आहे.

झाड महिनाभर ठेवायचं असतं. मी आज काढलं. एकटीनंच. दोरी सुटेना, मग कात्रीनं कापली. तिकीटही रद्द केलंय. घरी येऊन कुणाशी बोलू?

मला तुझा राग आलेला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

भाग्यश्री


हिंजवडी
९ जून २०२४

भाग्या,

तुझं पत्र काल मिळालं. आज रविवार. पत्र खिशात घालून खडकीला गेलो. मनात चार भाषणं तयार केली होती. दार तुझ्या बाबांनी उघडलं. बनियनवर होते, मागे कूलर उघडून ठेवला होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

म्हणाले, "आज खालूनच नाही ओरडला? बिल्डिंगवाले वाट पाहून राह्यले होते बे."

मी म्हटलं, "काका, झाड दुसऱ्या कुणी लावलं नव्हतं. तिनंच लावलं. माझ्या नावानं. यंदा लीप वर्ष, यंदा मुलींनी लावायचं असतं. मी अर्धं ऐकून इथं आलो."

त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "म्हंजे तू माह्या पोरीले बदनाम करून गेला, अन् तो पोट्टा तूच?"

"हो."

आतून तुझी आई म्हणाली, "पोरगी एवढ्या दूर शिकाले गेली, अन् अक्कल इथंच ठेवून गेली." मला हसू आलं नाही, पण तुला येईल, म्हणून लिहितो.

मी म्हटलं, मी आत्ता जिन्यात जातो, प्रत्येक दार वाजवून खरं काय ते सांगतो. बाबा म्हणाले, "काही नको. लोकायले एक बार जे ऐकू येते तेच ऐकू येते. बस तिथं." मी स्टुलावर बसलो. ते कूलरच्या पंख्याचे स्क्रू पिळत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरगी तुले पत्रं लिहिते?"

"हो."

"मले नाही लिहिलं एक बी. मले फोनवर सांगते, मस्त हाय बाबा."

मी म्हटलं, "मस्त नाहीये." आणि मग मला थांबता आलं नाही. रागावलो की थांबता येत नाही तसंच, पण राग नव्हता. तू काय खातेस, किती एकटी असतेस, सगळं सांगितलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. शेवटी म्हटलं, "नऊ तारखेला तिकडं बापांचा दिवस होता. ती दिवसभर तुम्हाला फोन करत होती. रस्त्यावर उभी राहून. सगळ्यांचे बाप समोरून चालले होते."

बाबा म्हणाले, "वाजला होता. मी समोर बसून पाह्यत होतो."

त्यानंतर ते उठले. मोबाइल चार्जिंगला होता. हातात घेऊन आधी माझ्याकडे वळले. म्हणाले, "बोलतो मी तिच्याशी. पण तू बंद. पत्र बंद, फोन बंद. पोरगी शिकन, वापस येईन, अन् तिले वाटलं तर तिच्या तोंडानं तुहं नाव घेईन. नाही वाटलं तर नाही घेणार. तिच्या आधी तू घ्यायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मग विचारलं, हे सांगायला एक पत्र लिहू? म्हणाले, "लिही. नाही तर वाट पाहत बसन."

हे पत्र मिळेल तोवर तो फोन तुला आठवतही नसेल, किंवा खूप आठवत असेल. बाबा वायर न काढताच भिंतीपाशी वाकून बोलत होते. तू उचललास तेव्हा पहिलं विचारलं, "जेवली का?" तिकडं सकाळ आहे, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. पुढे तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. ते नुसते "हं, हं" करत होते. मी चपला घातल्या. तुझ्या आईनं माझ्यामागे दार लावलं. आपटलं नाही.

विश्रांतवाडीचा क्लास संपला. परीक्षेला मी बसलो नाही. हे तुला कळायला हवं, कारण तुझं ते 'पण'च्या पुढचं वाक्य तू अजून शोधत असलीस, तर त्यात भलतंच काही लिहू नकोस.

उत्तर पाठवू नको. पाठवलंस तर मी वाचेन, वाचलं तर लिहीन, आणि तुझ्या बाबांना दिलेला शब्द जाईल. मला तू ओळखतेस.

पृथ्वी